लॉरा काच नाही, काच सांभाळणारी आहे

पत्र असं आहे:

"ताई, आमची हौशी संस्था अमेरिकी नाटककार टेनेसी विल्यम्सचं 'द ग्लास मिनॅजरी' मराठीत बसवते आहे. मी लॉरा करते आहे, काचेचे छोटे प्राणी जमवणारी मुलगी. दिग्दर्शक म्हणतात, लॉरा म्हणजेच ती काच. त्यामुळे आवाज थरथरता ठेव, मान खाली, हात कापू देत. काचेच्या युनिकॉर्नचं शिंग तुटतं तिथे त्यांना मला हुंदका देऊन खाली बसवायचं आहे. संहितेत लॉरा तिथे रडत नाही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना सांगता येत नाही. शेवटी ती तो युनिकॉर्न घरी आलेल्या जिमला का देऊन टाकते, हेही मला नीट कळलेलं नाही. शिवाय लंगडायचं किती? आणि खरी काच वापरावी का? आमचं थिएटर लहान आहे. म. , सातारा."

प्रिय म.,

तुला जे खटकलं आहे ते बरोबर खटकलं आहे. दिग्दर्शक मात्र काहीतरी मनचं सांगताहेत असं समजू नकोस. विल्यम्सनेच पात्रपरिचयात लिहून ठेवलं आहे की लॉरा हळूहळू तिच्याच संग्रहातल्या एखाद्या काचेच्या वस्तूसारखी झाली आहे, फळीवरून हलवता येणार नाही इतकी नाजूक. संगीताबद्दलच्या टिपणातही तो म्हणतो की बारीक कामाची काच पाहिली की दोन गोष्टी मनात येतात: ती किती सुंदर आहे आणि किती सहज फुटेल. तेव्हा तुमच्या दिग्दर्शकांकडे लेखकाचाच आधार आहे.

पण हे झालं वाचणाऱ्यासाठी. करणारीसाठी त्याच लेखकाने लॉराच्या हाताला कामं दिली आहेत, आणि ती कामं वेगळंच काही सांगतात. लॉरा काच धुते, पुसते, मांडते, उजेडात धरते, दुसऱ्याच्या हातात देते. म्हणजे त्या घरात काच कशी धरायची हे ज्या एकाच माणसाला येतं, ते माणूस लॉरा आहे. नाजूकपणाचं काम रंगमंचावर काच करतेच आहे, ते तुला करायचं नाही. तू काच सांभाळणारीचं काम कर.

त्यामुळे तुझे हात काचेपाशी कापता कामा नयेत. माणसांपाशी कापू देत, दार उघडताना कापू देत, जेवणाच्या टेबलाशी येताना पाय लटपटू देत. काच हातात आली की तेच हात स्थिर झाले पाहिजेत. हा फरक प्रेक्षकाला एकदा दिसला की लॉरा कोण आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. सगळीकडे सारखंच थरथरत राहिलीस तर दहाव्या मिनिटाला लोकांना त्याची सवय होईल, आणि खरंच काही तुटेल तेव्हा तुझ्याकडे द्यायला काही उरणार नाही.

आता संहिता घे आणि फक्त काच कुठे आहे, कोणाच्या हातात आहे, एवढंच बघत जा.

दुसऱ्या प्रवेशाच्या सुरुवातीला लॉरा एकटी आहे आणि काचेचे प्राणी धुऊन पुसते आहे. जिन्यावर आईची, अमांडाची, चाहूल लागते. लॉराचा श्वास अडकतो, ती भांडं बाजूला सारते आणि टाइपरायटरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर ताठ बसते, जणू त्यात बुडूनच गेली आहे. नाटकातली तिची ही पहिली मोठी कृती आहे, आणि ती लपवण्याची आहे. काच हे तिचं खरं काम आणि टाइपरायटर हे सोंग. या दोन-तीन क्षणांवर पुष्कळ तालीम कर. घाईतसुद्धा ती काच आपटत नाही, हे दिसू दे.

लगेच कळतं की ती रुबिकॅम्स बिझनेस कॉलेजात थोडेच दिवस गेली होती. वेगाच्या चाचणीत तिला तिथेच मळमळून आलं, आणि मग गेली ती गेलीच नाही. आईचे 50 डॉलर पाण्यात. सहा आठवडे आई समजते आहे की मुलगी रोज कॉलेजला जाते. मग लॉरा कुठे होती? सकाळी साडेसातला घराबाहेर पडून संध्याकाळी पाचनंतर परत येईपर्यंत ती सेंट लुईसच्या थंडीत चालत होती. पातळ कोट, पायाला आधाराची पट्टी, ऊब घ्यायला कधी कलासंग्रहालय, कधी प्राणिसंग्रहालयातली पक्ष्यांची घरं, आणि पुढेपुढे ज्युएल बॉक्स, म्हणजे उष्ण प्रदेशातली फुलं ठेवलेलं मोठं काचघर. आई हबकते तेव्हा लॉरा म्हणते, वाटतं तितकं ते वाईट नव्हतं.

हा तपशील दिग्दर्शकांपुढे ठेव. सहा आठवडे रोज इतकं चालणारी, इतकं मोठं गुपित एकटीने वाहणारी मुलगी दुबळी कशी म्हणायची? तिची ताकद चुकीच्या दिशेला खर्च होते आहे, एवढं फार तर म्हणता येईल. आणि बघ, बाहेरच्या जगात हिंडून तिने आसरा शोधला तोही काचेचाच.

तिसऱ्या प्रवेशात काच पहिल्यांदा फुटते. लॉराचा भाऊ टॉम आणि अमांडा यांचं कडाक्याचं भांडण होतं, टॉम रागाने कोट भिरकावतो, तो फळीवर आदळतो आणि काचेचे तुकडे होतात. लॉरा स्वतःलाच लागल्यासारखी ओरडते. इथे ओरड, अगदी मनापासून ओरड. मग टॉम गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करायला लागतो, लॉराकडे बघतो, काही बोलावंसं वाटतं पण शब्द फुटत नाही. भांडण दोघांचं आणि फुटतं तिसरीचं, हे त्या घराचं सगळं गणित इथे एका कोटाच्या फेकीत सांगून झालं आहे.

ही पहिली फूट लक्षात ठेवली तरच शेवटच्या प्रवेशातली दुसरी फूट कळते, आणि तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

सातवा प्रवेश. टॉमने विजेच्या बिलाचे पैसे खलाशांच्या संघटनेची वर्गणी भरायला वापरले, म्हणून घरात अंधार आहे. मेणबत्त्या लावल्या आहेत. अमांडा टॉमला घेऊन स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली आहे. बाहेर लॉरा आणि जिम ओकॉनर. शाळेत असताना जिम नायक होता, शाळेच्या संगीतिकेत गायचा, आणि लॉरा दुरून त्याच्यावर जीव टाकायची. आता तो टॉमच्याच गोदामात कारकुनी करतो. आपल्याला 'स्थळ' म्हणून बोलावलं आहे याचा त्याला पत्ताही नाही. (आपल्या प्रेक्षकाला कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवेल. आठवू दे, पण त्याच्यावर हशे काढू नका. तिकडे मुलाला सगळं ठाऊक असतं, इथे बिचाऱ्या जिमला काहीच ठाऊक नाही, आणि प्रवेशाचं सगळं दुखणं त्यातच आहे.)

लॉरा त्याला आपला संग्रह दाखवते. त्यातल्या सर्वात जुन्यांपैकी एक, तिचा लाडका, म्हणजे युनिकॉर्न, कपाळावर एक शिंग असलेला घोडा. जवळजवळ तेरा वर्षांचा. लॉरा चोविशीला टेकली आहे, म्हणजे दहा-अकरा वर्षांची असल्यापासून तो तिच्याजवळ आहे. जिम म्हणतो, माझा हात जड आहे, नको देऊस. लॉरा म्हणते, घ्या, तुमच्यावर माझा विश्वास आहे. वर त्याला शिकवते: असा उजेडात धरा, त्याला उजेड आवडतो. संपूर्ण नाटकात लॉरा दुसऱ्याला काही शिकवते आहे अशी ही एकच जागा मला दिसते. इथे तिचा आवाज बदलला पाहिजे. ती जाणकार आहे आणि समोरचा नवखा. शाळेत गाणाऱ्या त्या नायकाला ती सांगते आहे की बोटं कशी ठेवायची.

युनिकॉर्नला एकटं वाटत नाही का, यावर ती म्हणते की तो तक्रार करत नाही, बिनशिंगांच्या घोड्यांबरोबर त्याच फळीवर राहतो आणि त्यांचं छान जमतं. हे वाक्य ती स्वतःबद्दल बोलते आहे हे प्रेक्षकाला कळतं. पण लॉराला कळतं का? माझं उत्तर: कळू देऊ नकोस. ती घोड्याबद्दलच बोलते आहे, थोडी खेळकर होऊन. तू तिथे अर्थपूर्ण पॉज घेतलास, प्रेक्षकाकडे ओझरतं पाहिलंस, की ते प्रतीक कागदावर छापल्यासारखं दिसेल. प्रेक्षकाला शोधण्याचा आनंद त्यांच्याकडेच राहू दे.

मग जिम युनिकॉर्न टेबलावर ठेवतो. समोरच्या नृत्यगृहातून वॉल्ट्झचे सूर येतात. जिम तिला नाचायला उठवतो, लॉरा जन्मात पहिल्यांदा नाचते, टेबलाला धक्का लागतो, युनिकॉर्न खाली पडतो आणि शिंग तुटतं.

तिसऱ्या प्रवेशात ओरडणारी मुलगी इथे शांत आहे. जिम कासावीस होतो आणि तीच त्याची समजूत घालते: काच किती सहज फुटते, कितीही जपलं तरी, रस्त्यावरच्या रहदारीनेसुद्धा फळ्या हादरून वस्तू पडतात. आता तो बाकीच्या घोड्यांसारखा झाला, त्यांच्यात त्याला अधिक बरं वाटेल. ती हलकेच असंही म्हणते की मी समजेन त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, विचित्र वाटू नये म्हणून शिंग काढून टाकलं.

तर हुंदका का नको? पहिल्या वेळी काच रागाने फुटली, तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. दुसऱ्या वेळी ती नाचताना फुटली, तिच्या स्वतःच्या आनंदाच्या धक्क्याने. या फुटण्यात तिचाही हात आहे आणि ते तिला मंजूर आहे. त्या चार-दोन मिनिटांत लॉराला शिंग नसलं तरी चालणार आहे. इथे तू रडलीस तर प्रेक्षक समजेल की ती वस्तूसाठी रडली, आणि तिने पुढे टाकलेलं एवढं मोठं पाऊल कोणाला दिसणारच नाही. शिवाय खरा घाव अजून यायचा आहे. जिम तिचं चुंबन घेतो आणि मग अडखळत सांगतो की त्याचं बेटी नावाच्या मुलीवर प्रेम आहे. तुझी सगळी शिल्लक त्या क्षणासाठी ठेव. तिथेही हुंदका नसावा असं मला वाटतं. मेणबत्त्या विझाव्यात तसा चेहरा विझत जावा, बस.

आता देऊन टाकण्याबद्दल. लॉरा त्याचा हात उघडते, तुटका युनिकॉर्न तळहातावर ठेवते, त्याची बोटं त्यावर मिटते. तो विचारतो हे कशासाठी, ती म्हणते, आठवण म्हणून. तो विचारतो हे कशासाठी, ती म्हणते, आठवण म्हणून.

समीक्षक याचे अनेक अर्थ लावतात. मला त्यातला एकच पुरेसा खरा वाटतो. युनिकॉर्न आता साधा घोडा झाला आहे, म्हणजे जिमच्या जगातला. तो फळीवर परतला तर रोज पुसताना तिला ती पाच मिनिटं आठवणार. जो तिच्यातला होता तो तिने ठेवला असता. हा जिमचा झाला आहे, म्हणून जिमला. आणि देताना बघ, ती मागत काही नाही. या नाटकात जवळजवळ प्रत्येक जण लॉरासाठी काहीतरी करतो आणि त्या बदल्यात तिच्याकडून काहीतरी हवं असतं. तिने दिलेली वस्तू मात्र बिनशर्त आहे. म्हणून ही कृती कुढत करू नकोस. बोटं मिटताना हात पुन्हा स्थिर हवेत, जसे काच पुसताना होते तसेच. मग उठताना हवं तर तोल जाऊ दे, संहितेतही ती अडखळतच उठते.

अजून एक गोष्ट, जी तालमीत सगळ्यांनी मिळून बोलण्यासारखी आहे. हे सगळं नाटक टॉमची आठवण आहे, तो सुरुवातीलाच तसं सांगतो. पण मेणबत्तीच्या प्रवेशात टॉम खोलीत नाही, तो आत भांडी घासतो आहे. शिंग तुटताना त्याने पाहिलेलं नाही. बहिणीला काचेची करून टाकलं आहे ते भावाच्या मनातल्या टोचणीने. घर सोडून गेल्यावर परक्या शहरांत अत्तराच्या दुकानात रंगीत काचेच्या बाटल्या दिसल्या की त्याला ती दिसते. म्हणजे नाटक संपतं तेव्हा काच टॉमजवळ आहे, लॉराजवळ नाही. दिग्दर्शकांना काचेची लॉरा हवीच असेल तर ती टॉमच्या स्वगतांत ठेवता येईल, त्याच्या नजरेत, प्रकाशयोजनेत. विल्यम्सने लॉरावरचा प्रकाश जुन्या धार्मिक चित्रांतल्या संतस्त्रियांवर असतो तसा मागितला आहे. ते काम दिव्याचं आहे, तुझ्या थरथरीचं नाही.

विल्यम्सची थोरली बहीण रोझ हिच्याबद्दल तू वाचलं असशीलच. ती सेंट लुईसच्या घरात काचेचे छोटे प्राणी जमवायची. 1943 मध्ये तिच्या मेंदूवर लोबोटॉमीची शस्त्रक्रिया झाली आणि ती पुढचं सगळं आयुष्य संस्थांमध्ये राहिली. पुढच्याच वर्षी, 26 डिसेंबर 1944 ला, शिकागोत या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. हे ठाऊक असलं की 'शस्त्रक्रिया झाली असं समजेन' हे वाक्य वाचताना पोटात कालवतं. पण ते कालवणं लेखकाचं आहे. लॉराला रोझचं काही माहीत नाही, ती समोरच्याला हसवण्यासाठी ते म्हणते आहे. तू ते हसतच म्हण, प्रेक्षकातल्या ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापर्यंत ते आपोआप पोचेल.

लंगडण्याबद्दल लेखक स्पष्ट आहे: एक पाय किंचित आखूड, पट्टी बांधलेला, आणि रंगमंचावर हे सुचवण्यापलीकडे दाखवण्याची गरज नाही. लॉराला वाटतं की शाळेत तिच्या पट्टीचा आवाज गडगडाटासारखा यायचा. जिम म्हणतो, मला कधी ऐकूच आला नाही. हे दोन्ही खरं वाटावं इतपतच ठेव. 2017 साली ब्रॉडवेवर सॅम गोल्डने बसवलेल्या प्रयोगात चाकाची खुर्ची वापरणारी मॅडिसन फेरिस लॉरा झाली होती, तिला स्नायूंचा आजार आहे. तिथे अपंगत्वाचं सोंग करण्याचा प्रश्नच मिटला. आपल्याकडेही अशा मुलींना भूमिका मिळायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. तू करते आहेस तर पायाची नक्कल कमीत कमी कर. चालायच्या आधी अंतर मोजणारी नजर ठेवलीस तरी पुष्कळ झालं.

आता प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तू. फळीवरचे प्राणी खऱ्या काचेचे असू देत, गावातल्या भेटवस्तूंच्या दुकानात मिळतात तसे. पण पडणारा युनिकॉर्न आणि तिसऱ्या प्रवेशात कोसळणाऱ्या वस्तू काचेच्या नकोत. अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात पुढचा प्रवेश आहे, तुम्ही नाचणार आहात, खाली काचेचा एक कण राहिला तरी कोणाचा तरी पाय कापेल. पारदर्शक अॅक्रिलिक घ्या, शिंग वेगळं करून मेणाच्या छोट्या थेंबाने बसवा, म्हणजे जरा दाबलं की निघेल. फुटण्याचा आवाज विंगेतून खऱ्या काचेचा द्या. मेणबत्त्या खऱ्या लावणार असाल तर थिएटरची परवानगी काढा आणि विंगेत पाण्याची बादली ठेवा.

समोरून दिवा मारला तर पारदर्शक वस्तू दिसतच नाही. मागून किंवा बाजूने, गडद पार्श्वभूमीवर उजेड पडला तर कडा चमकतात. फळीच्या मागे काळं कापड आणि एक बारीक दिवा लपवा. आणि फळी भरगच्च करू नका. 2013 च्या ब्रॉडवे प्रयोगात, जॉन टिफनीच्या दिग्दर्शनाखाली, सगळ्या संग्रहाच्या जागी एकच युनिकॉर्न ठेवला होता. लहान थिएटरातही शेवटच्या रांगेला ती वस्तू बोटभरच दिसणार. ती काय आहे हे लोक तुझ्या डोळ्यांवरून ठरवतील. म्हणून तालमीत पहिल्या दिवसापासून वस्तू हातात हवी, कागदाचा बोळा किंवा पेन धरून तालीम करू नकोस. प्रत्येक प्राण्याची जागा ठरव, तू नसताना कोणी हलवला तर लगेच लक्षात यावं इतकी. युनिकॉर्न कधीही शिंगाला धरून उचलू नकोस, पोटाखालून उचल. तेरा वर्षं जिने तो पुसला आहे तिला तो कुठे मोडेल हे ठाऊक असतं.

तू विचारलं नाहीस, पण सांगते: विल्यम्स 1983 मध्ये गेला, त्यामुळे आपल्या कायद्याप्रमाणे त्याच्या लेखनाचे हक्क 2043 अखेरपर्यंत शाबूत आहेत. त्याने ते टेनेसी राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथला मृत्युपत्राने दिले. भाषांतर करून प्रयोग करायलाही परवानगी लागते. संस्थेने ती आधी मिळवावी.

दिग्दर्शकांशी वाद घालू नकोस. हे पत्रही त्यांना वाचून दाखवू नकोस. दुसऱ्या प्रवेशाच्या सुरुवातीची तालीम माग, हातात खरी काच घे आणि एकदा त्यांच्या पद्धतीने, एकदा स्थिर हातांनी करून दाखव. त्यांना प्रेक्षकांच्या जागेवर, शक्यतो मागच्या रांगेत बसव, आणि दोन्ही पाहून झाल्यावर आधी त्यांचं म्हणणं ऐकून घे.